मंगळवार-शुक्रवारची गाडी

आमच्या गाडीचं बोनेट मी पहिल्यांदा उघडलं, तेव्हा ते वर धरून ठेवायला एक दांडी असते हेही मला माहीत नव्हतं. डाव्या हाताने बोनेट उचलून धरलं आणि आता पुढे काय, म्हणून मान वळवली. पडवीतल्या खुर्चीवरून आमचे हे म्हणाले, "आधी ती दांडी लाव. न्हाईतर डोक्यात पडंल."

माझ्या नवऱ्याची सगळी नोकरी एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून झाली. बसची इंजिनं उतरवलेला माणूस. घरची ही छोटी पांढरी गाडी त्यांनी घेतली तीच जुनी, आणि मग दर रविवारी तिच्याखाली पडून राहणं हाच त्यांचा विरंगुळा झाला. मी शिवणकाम करते. माझी मशीन पडवीत, ह्यांची गाडी अंगणात, मध्ये चहा. आमचे रविवार असे जायचे.

मग रक्तदाबाने ह्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. डायलिसिस आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी. जवळपास कुठे जागा मिळाली नाही, नंबर लागला तो सांगलीच्या दवाखान्यात. शिराळ्याहून निघायचं, पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा करत सांगली. जाताना ते एसटीत बसून जात. येताना जमायचं नाही. मशीनवरून उतरले की बीपी खाली जायचं, डोळ्यांपुढे अंधारी यायची, उलटी व्हायची. एकदा परत येताना अख्खी वाट ते माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडून होते आणि उभी असलेली माणसं आमच्याकडे बघत होती. घरी आल्यावर म्हणाले, "तू गाडी शिक."

पन्नाशीला आलेली बाई मी. शाळेच्या मैदानावर शिकले. ह्यांनी शिकवलं, खूप ओरडून शिकवलं, पण शिकले.

गाडी चालवता येणं वेगळं आणि गाडी चालू राहणं वेगळं. ती पंचवीस वर्षांची झाली होती. एक काही दुरुस्त करावं तर दुसरं निघायचं. सुरुवातीला गॅरेजला दिली. गॅरेजवाला म्हणाला, हिचे पार्ट आता मिळत नाहीत, मोडीत काढा. तरी ठेवून घेतली आणि मंगळवार आला तेव्हा इंजिन अर्धं उघडं पडलेलं. त्या दिवशी शेजाऱ्यांची जीप मागून नेली. शुक्रवारी ती जीप त्यांनाच लागणार होती. दुसऱ्या कुणाच्या तरी दारात गेले. आठवड्यातून दोनदा, आणि तेही किती वर्षं, कुणाच्या दारात जायचं? नवी गाडी घ्यायची आमची ऐपत नव्हती. लेक पुण्याहून फोनवर म्हणायची, "मम्मी, ड्रायव्हर लाव." तिला कसं सांगू, ड्रायव्हर लावून बंद पडलेली गाडी चालत नाही.

शेवटी हेच म्हणाले, "आण परत ती गाडी. आपण करू."

त्यांच्या डाव्या हातात सुया टोचण्यासाठी शीर जोडून घेतली होती, त्या हाताने वजन उचलायची मनाई. उजव्या हातातही जोर उरला नव्हता. म्हणून ते खुर्चीत बसायचे आणि मी बोनेटमध्ये वाकायची. पहिल्यांदा फॅनबेल्ट बदलला. दहाचा पाना कुठला आणि बाराचा कुठला हे मला कळेना. मी चुकीचा घातला की ते डोळे मिटून घ्यायचे. नट सैल करायचा तो मी आवळून ठेवला. "उलटा, उलटा फिरीव," असं दहा वेळा सांगून ते दमले आणि मान टाकून बसले. मला रडू आलं. हाताला ग्रीस, त्यामुळे डोळेही पुसता येईनात. मग त्यांनीच टॉवेल पुढे केला. म्हणाले, "शिवणाच्या मशीनचा पट्टा बदलतीस का न्हाईस तू? त्योच हाय ह्यो. मोठा हाय एवढंच."

बेल्ट बसला. नंतर प्लग बदलले, ब्रेकचे पॅड बदलले, रेडिएटरचा फुटलेला पाइप बदलला. गाडीखाली शिरायला मी ह्यांची जुनी पॅन्ट घालू लागले. गल्लीतल्या बायका आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या.

पार्ट मिळवणं हे वेगळंच काम होतं. सांगलीत जुन्या सुट्या भागांचं एक दुकान सापडलं. हे मशीनवर असले की मला चार तास मोकळे असायचे. तुटलेला भाग पिशवीत घालून मी त्या दुकानात जायची. दुकानदार म्हातारा, बोलायचा कमी. ढिगातून शोधून द्यायचा, नसलं तर नुसती मान हलवायचा. त्याची मान हलली की मी तो भाग परत पिशवीत टाकायची. म्हणजे येत्या शुक्रवारपर्यंत आणखी कुठे शोधायचं? कधी कडेगावला कुणाकडे तरी तसलीच बंद गाडी उभी आहे असं कळायचं, मग तिथे जायचं. मंगळवारनंतर शुक्रवार आणि शुक्रवारनंतर मंगळवार, यापलीकडे मला काही दिसत नव्हतं. सण कधी आला, कधी गेला, कळायचं नाही. नागपंचमीला मात्र कळायचं, कारण आमच्या शिराळ्याची नागपंचमी बघायला येणाऱ्या गर्दीने सगळे रस्ते भरून जायचे. एका नागपंचमीला गर्दीत गाडी तासभर रांगत राहिली आणि इंजिन तापून काटा टोकाला गेला. रेडिएटर गंजलेला होताच, तो तिथेच गळायला लागला. मी कॅन घेऊन उतरले आणि एका हॉटेलातून पाणी आणून ओतायला लागले.

ह्यांना दिवसाला जेमतेम अर्धा लिटर पाणी प्यायची परवानगी होती. औषधाच्या गोळ्यांचं पाणीही त्यातच मोजायचं. उन्हाळ्यात ते बर्फाचा खडा चोखत बसायचे. त्या दिवशी ते खिडकीतून बघत होते. मी एक कॅन ओतला, दुसरा ओतला. पाणी आत जाताना गुडगुड आवाज होत होता. मी परत सीटवर बसले तेव्हा ते समोर बघत म्हणाले, "पिऊ दे तिला. तिला कुठं डॉक्टरनं अडवलंय."

रिकामा कॅन मी मागच्या सीटखाली ढकलला.

पुढच्या पावसाळ्यातली गोष्ट. शुक्रवार होता. बुद्धवंदना म्हणून झाली, डबा भरला, मी गाडीत जाऊन किल्ली फिरवली, सेल्फ मारला. इंजिन फिरलं पण पेटलं नाही. पुन्हा मारला, तेच. पावसाळ्यात ही गाडी असं करायची. करंट वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर नावाचा भाग असतो, त्याच्या टोपणात ओल धरायची. टोपण काढून कोरड्या फडक्याने पुसलं की गाडी चालू व्हायची. हे मला आता न विचारता येत होतं. मी पडवीकडे बघितलं. हे कपडे करून, पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. एरवी त्यांनी एव्हाना हाक मारून सांगितलं असतं, टोपण बघ म्हणून. त्या दिवशी गप्प होते.

दोन क्लिपा सोडवून मी टोपण काढलं. आत एक काळा तुकडा असतो, अंगठ्याएवढा, त्याला रोटर म्हणतात. तो मधल्या दांड्यावर बसलेला असतो आणि फिरत फिरत एकेका प्लगला करंट देतो. तो तिथे नव्हता. नुसता दांडा.

रोटर पडून जात नाही. वर टोपण असतं, टोपणाला क्लिपा असतात. कुणीतरी क्लिपा सोडवून, रोटर उपसून, क्लिपा परत लावल्याशिवाय तो जात नाही. आणि आमच्या घरात हे करू शकणारी माणसं दोनच होती.

मी तशीच वाकून उभी राहिले. मान वर करायचा धीर होईना. वर केली असती तर ह्यांच्याकडेच नजर गेली असती. पाठीवर भुरभुर पाऊस पडत होता. मला राग आला नव्हता. इतके दिवस मी ज्या माणसासाठी गाडीखाली लोळत होते, त्याला त्या गाडीत बसायचं नव्हतं.

पण शुक्रवार होता. घड्याळ चालू होतं आणि मशीनची वेळ ठरलेली होती. दुसरा कुठलाही विचार करायची मला सवय राहिली नव्हती. वर्षापूर्वी आम्ही रोटर बदलला होता, तेव्हा जुना ह्यांनीच टाकू दिला नव्हता, अडीनडीला असू दे म्हणून. मी घरात जाऊन तो काढला. टोकाला काजळी होती. पॉलिश पेपरने घासली, बसवला, टोपण लावलं. सेल्फ मारला. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली.

हे उठले, पिशवी घेऊन आले आणि बाजूला बसले.

इस्लामपूर मागे पडलं. मग त्यांनी विचारलं, "जुना बसीवलास?"

"व्हय."

"पेपर मारलास का?"

"मारला."

"बरं केलंस."

थोड्या वेळाने त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि रोटर काढून समोर काचेपाशी ठेवला. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. दोन्ही बाजूंना ऊस होता. वायपर चालू होता, तो बंद केला.

"तुमाला मरायचंय का?" मी विचारलं.

"न्हाई."

"मग?"

ते बराच वेळ हाताच्या फुगलेल्या शिरेवरून बोट फिरवत राहिले. "एक शुक्रवार घरी बसायचं हुतं. सुई न्हाई, मशीन न्हाई, त्यो वास न्हाई. नुसतं बसायचं. दुसरं काय न्हाई."

"मला सांगायचं हुतं."

"तुला कसं सांगू? तू पाटे पाच वाजता उठून गाडीखाली शिरतीस. तुला तोंडानं कसं सांगू, की मला न्हाई जायाचं?"

मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. ह्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, पण तो हात इतका हलका झाला होता की मला तेच सहन होईना. मी म्हणाले, "आवं, परत असं वाटलं तर तोंडानं सांगा. मी ऐकीन. पर गाडीला मधी घालू नगा. रातभर जागून मी तिला चालू करायची आणि तुमी बंद पाडायची, असं कवापर्यंत?"

"ऐकशील?"

"ऐकीन."

म्हणाले खरी. पण दुसऱ्या आठवड्यापासून मी गाडीची किल्ली शिवणाच्या मशीनच्या खणात ठेवायला लागले, आणि निघायच्या आधी टोपण काढून रोटर आहे ना, ते बघायला लागले. ह्यांना ते दिसायचं. ते मान वळवून घ्यायचे. एका खोलीत झोपणारी दोन माणसं आम्ही, आणि माझा त्यांच्यावर विश्वास उरला नव्हता. त्या दिवसांत मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो याचाच.

थंडीत एका मंगळवारी सकाळी त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "आज न्हाई जायाचं."

तोंडाने सांगितलं होतं. मी ऐकीन म्हटलं होतं. मग आत जाऊन दवाखान्यात फोन केला, आज येत नाही म्हणून. पलीकडची सिस्टर म्हणाली, मावशी, असं करू नका. लेकीला फोन केला. ती रडली, माझ्यावर चिडली, पप्पांशी बोलायचंय म्हणाली. ह्यांनी फोन घेतला नाही.

तो दिवस ह्यांना हवा होता तसा गेला. उन्हात खुर्ची टाकून बसले. उसाचे ट्रॅक्टर जाताना आवाजावरून सांगत होते, ह्याचा सायलेन्सर गेलाय, ह्याचं टायमिंग चुकलंय. मी भाकरी आणि वांगं केलं, ते जेवले. दुपारी गाढ झोपले. मी मशीनवर बसले होते, पण एकही टाका धड पडला नाही. दर थोड्या वेळाने जाऊन मी त्यांची छाती वरखाली होते का ते बघत होते.

बुधवारी पाय सुजले. गुरुवारी दुपारी त्यांना आडवं होता येईना, दम लागायला लागला. रुग्णवाहिकेला फोन केला तर ती दुसऱ्या पेशंटला घेऊन कराडला गेली होती, यायला वेळ लागणार होता. मी फोन ठेवते तोवर हे स्वतःच भिंत धरून गाडीपर्यंत गेले होते. दार उघडून आत बसले आणि म्हणाले, "चल. लवकर."

त्या दिवशी मी टोपण उघडून बघितलं नाही.

इस्लामपूर ओलांडलं आणि पुढे एका उसाच्या ट्रॉलीमागे वेग कमी करताना माझा पाय क्लचवर एकदम खाली गेला. पॅडल जमिनीला टेकलं, ते वर आलंच नाही. गाडी एक गचका खाऊन बंद पडली. क्लचची तार तुटली होती. तार बदलायला तास लागला असता, आणि तार माझ्याकडे नव्हती.

मी हात जोडून रस्त्यात उभी राहायच्या बेतात होते. दार उघडलंसुद्धा. ह्यांनी माझा दंड धरला. श्वास घेत घेत एकेक शब्द बोलत होते. "उतरू नगस. येळ जाईल. पैल्या गिअरमधी टाक. सेल्फ मार."

"क्लच न्हाई वो."

"नगो क्लच. मार."

मी पहिला गिअर टाकला आणि सेल्फ मारला. गाडी बेडकासारखी उड्या मारत पुढे निघाली आणि चालू झाली. "आता अॅक्सिलेटर सोड. न्यूट्रल. थांब... ऐक आवाज... आता. आता ढकल." मी दुसरा ढकलला. करकर वाजलं, पण पडला. तिसरा त्यांच्या खुणेवर टाकला. ते डोळे मिटून इंजिनचा आवाज ऐकत होते आणि माझ्या मनगटावर बोट ठेवून गिअर कधी टाकायचा ते सांगत होते, कारण आता त्यांना बोलवत नव्हतं. बोट दाबलं की मी ढकलायची.

आष्ट्याच्या चौकात थांबावं लागलं. न्यूट्रल करून ब्रेक लावला. मग इंजिन बंद, पहिला गिअर, पुन्हा सेल्फ. मागची गाडी हॉर्न वाजवत होती. ह्यांचे ओठ निळे दिसत होते. मी मोठमोठ्याने बोलत राहिले, काय बोलत होते ते आठवत नाही. आष्टा सुटल्यावर त्यांचं बोट माझ्या मनगटावरून घसरलं. मी हाक मारली. त्यांनी मान हलवली. पुढचे गिअर मी माझी मीच टाकले. आवाज मलाही कळायला लागला होता.

दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर आलं. सिस्टर मला खूप बोलली. बरोबरच होतं तिचं. ह्यांना ऑक्सिजन लावला, मशीनवर घेतलं. मी बाहेर बाकावर बसले. मग डॉक्टर येऊन म्हणाले, पाणी निघतंय, धोका टळलाय. तेव्हा उठले आणि जुन्या भागांच्या दुकानात गेले. म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि न बोलता तार काढून दिली. दवाखान्याच्या आवारात जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मी गाडीखाली शिरले आणि ती बसवली. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता.

त्यानंतर ह्यांनी कधी जायचं नाही असं म्हटलं नाही. मी त्यांना विचारलंही नाही. त्यांना जायचं होतं म्हणून ते जात होते, की मी त्या दिवशी कशी गाडी चालवली ते बघितलं म्हणून, हे मला कळलं नाही. मी टोपण उघडून बघणं सोडलं, एवढं मात्र खरं.

पुढचा उन्हाळा आणि पावसाळा गेला. दिवाळी झाली आणि एका मंगळवारी मशीनवर असतानाच त्यांचं हृदय थांबलं. मी दुकानात नव्हते. त्या दिवशी गाडीचं काहीच मोडलेलं नव्हतं म्हणून मी बाहेर बाकावरच होते. सिस्टर धावत आली तेव्हा मी उसवलेला खिसा शिवत होते, ह्यांच्याच शर्टाचा.

लेक पुण्याहून सरळ सांगलीला आली. शववाहिकेत ह्यांच्याजवळ ती बसली. मलाही बस म्हणाली, गाडी राहू दे, कुणीतरी आणील. पण क्लच कुठे धरतो, तिसरा गिअर कसा टाकायचा, हे कुणाला सांगत बसू? मी किल्ली घेतली.

शववाहिका पुढे आणि मी मागे. बाजूच्या सीटवर ह्यांची पिशवी होती, त्यात टॉवेल आणि न उघडलेला डबा. आष्टा गेलं, इस्लामपूर गेलं. पुढचा ड्रायव्हर माझ्यासाठी हळू चालवत होता, आरशात बघत होता. गाडीने वाटेत काहीही त्रास दिला नाही. तापली नाही, गचका दिला नाही. मला वाटत होतं, पडावी बंद. कुठेतरी उसाच्या कडेला बंद पडावी, मी उतरून बोनेट उघडावं आणि तासभर मला काहीतरी काम असावं.

ती बंद पडली नाही. घरासमोर पांढऱ्या कपड्यांतली माणसं जमली होती. मी नेहमीच्या जागी गाडी लावली, हँडब्रेक ओढला आणि बसून राहिले. शेवटी शेजारणीने दार उघडलं आणि हाताला धरून मला खाली उतरवलं.